जुन्या इस्त्र्या जमवायच्या आहेत? मग आधी त्या ओळखायला शिका

कोळशाची इस्त्री महाराष्ट्रात अजून कामावर आहे. सोसायटीच्या फाटकाशी, जिन्याखाली, हातगाडीवर लोणारी कोळशाची इस्त्री फिरवणारे परीट आजही दिसतात आणि त्यांच्यासाठी नव्या इस्त्र्या आजही ओतल्या जातात. जमवणाऱ्याची पहिली अडचण नेमकी हीच आहे. आकार जुना दिसला म्हणून वस्तू जुनी ठरत नाही. बाजारात ‘ब्रिटिशकालीन’ म्हणून समोर येणारी इस्त्री शंभर वर्षांची असू शकते, तीस वर्षांची असू शकते, किंवा गेल्या दिवाळीत शोभेसाठी बनवून ॲसिडने काळी केलेलीही असू शकते.

हा लेख नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी आहे. विकणारा जी गोष्ट सांगतो ती आनंदाने ऐका, पण विश्वास ठेवायचा तो इस्त्रीच्या अंगावरच्या खुणांवर. कुठे बघायचं हे कळलं की त्या खुणा वाचता येतात.

१. काय जमवायचं ते आधी ठरवा

कपडे धुण्या-वाळवण्या-इस्त्रीची जुनी उपकरणं म्हटली की यादी लांबते: रबरी रुळांत कपडे पिळणारी यंत्रं, जुनी वॉशिंग मशीन, इस्त्र्या, इस्त्री ठेवायच्या तिवया. नवख्याने इस्त्रीपासून सुरुवात करावी असं माझं स्पष्ट मत आहे. ती कपाटात मावते, एकट्याला उचलता येते आणि तिच्यात बिघडण्यासारखं फार काही नसतं.

आपल्याकडे धुणं होतं ते दगडावर आणि धोपाटण्याने. वॉशिंग मशीन मध्यमवर्गीय घरांत शिरलं ते ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस, औरंगाबादच्या व्हिडिओकॉनसारख्या कंपन्यांच्या दोन टबांच्या यंत्रांमुळे. त्याच सुमारास आयएफबीने बॉशच्या सहकार्याने पुढून उघडणारी यंत्रं आणली, ती गोव्यात बनू लागली. ही यंत्रं आता जमवण्याजोगी झाली आहेत खरी, पण पत्रा गंजतो, रबरी सील कडक होऊन तडकतात, टायमरचा सुटा भाग मिळत नाही आणि फ्लॅटमध्ये ठेवायला जागा नसते. यंत्रांचा मोह आवरत नसेल तर त्यांचे कागद जमवा: वापराची पुस्तिका, वॉरंटी कार्ड, दुकानाची पावती, मासिकातली जाहिरात. एका फाइलमध्ये मावतात आणि पुढे कुणाला यंत्र ओळखायचं झालं तर त्यांचाच उपयोग होतो.

इस्त्र्यांतही एखादा कोपरा धरा: फक्त कोळशाच्या, फक्त भारतात बनलेल्या विजेच्या, किंवा फक्त प्रवासी छोट्या इस्त्र्या. सगळंच घेणाऱ्याचं घर लवकर भंगाराचं दुकान होतं.

२. पिशवीत काय हवं

- दहा किलोपर्यंतचा हुकाचा वजनकाटा
- लोहचुंबक, अगदी फ्रिजवरचा चालेल
- छोटी टॉर्च आणि भिंग
- स्टीलची पट्टी (तळ सपाट आहे का पाहायला) आणि मोजटेप
- ओला कापूस, जुना टूथब्रश
- पातळ कागद आणि मऊ पेन्सिल. झिजलेली अक्षरं डोळ्यांना दिसत नाहीत. वर कागद ठेवून पेन्सिल आडवी घासली की ती उमटतात
- विजेच्या इस्त्र्या घेणार असाल तर मल्टिमीटर (विजेचा रोध मोजायचं यंत्र)
- जाड सुती पिशवी. प्लॅस्टिकची पिशवी कोळशाच्या इस्त्रीने पहिल्याच वळणावर फाटते

३. पहिला प्रश्न: उष्णता कुठून येते?

इस्त्री हातात घेतली की कंपनी, देश, साल हे सगळं बाजूला ठेवा. तिला उष्णता कुठून मिळत होती तेवढं शोधा. त्यावरून घराणं ठरतं आणि निम्मी ओळख तिथेच होते.

*भरीव लोखंडी.* आत पोकळी नाही, भोकं नाहीत, झाकण नाही. ही चुलीवर किंवा शेगडीवर तापवायची. एक कपड्यावर फिरत असताना दुसरी तापत असे, म्हणून त्या जोडीने वापरल्या जात. इंग्लंडमधल्या वेस्ट ब्रॉमविचच्या केनरिक आणि सिडन्स या ओतकाम कारखान्यांची नावं अशा इस्त्र्यांवर पुष्कळदा सापडतात. वर ओतलेला आकडा पाहून वजन गृहीत धरू नका. काहींवर तो पौंडांतलं वजन असतो, तर काहींवर कारखान्याचा आकार-क्रमांक. काट्याला लावून पाहा. याच घराण्यातली प्रसिद्ध इस्त्री म्हणजे ‘मिसेस पॉट्स’. अमेरिकेच्या आयोवा राज्यातल्या मेरी फ्लॉरेन्स पॉट्स यांनी १८७१ साली लाकडी मूठ काढता-घालता येईल अशा इस्त्रीचं पेटंट घेतलं. बूड दोन्ही टोकांना निमुळतं असतं. मूठ एक आणि बुडं तीन असा संच येई, त्यामुळे तापणाऱ्या बुडावर मूठ नसेच आणि हात भाजत नसे. बाजारात बहुतेक वेळा नुसतं बूड मिळतं. मुठीविना ते काय आहे हेच लोकांना कळत नाही, म्हणून ते स्वस्तात जातं.

*लगड घालायची.* आतून पोकळ, मागे वर सरकणारं दार, पण बाजूला भोकं नाहीत. लोखंडाची लगड विस्तवात लाल करायची आणि चिमट्याने आत सरकवायची. राख उडत नाही, कपडे डागाळत नाहीत. लगड हरवलेली असते, ते धरूनच चाला.

*कोळशाची.* पोकळ, वरून उघडणारं झाकण आणि बाजूला हवेची भोकं. भोकं आहेत म्हणजे आत काहीतरी जळत होतं, भोकं नाहीत म्हणजे नुसतं तापलेलं काही ठेवलं जात होतं. लगडीच्या आणि कोळशाच्या इस्त्रीतला फरक एवढ्यावरून सांगता येतो. काही परदेशी इस्त्र्यांना पुढे किंवा बाजूला वळलेलं धुराडं असतं. झाकणाच्या खिट्टीवर कोंबडा बसवलेली पितळी इस्त्री ही इंडोनेशियातली ओळखीची खूण आहे, मात्र तिच्या नकलाही आता सगळीकडे मिळतात.

*पातळ इंधनाची.* मागे किंवा वर गोल टाकी, हवा भरायचा पंप, आत बर्नर. अमेरिकेतल्या विचिटाच्या कोलमन कंपनीची निळ्या मुलाम्याची ‘४ए’ आणि इंग्लंडच्या टिली कंपनीची रॉकेलवर चालणारी इस्त्री ही यातली मोठी नावं. दिसायला या सगळ्यांत देखण्या. पण पेटवायच्या नाहीत, कुणी कितीही आग्रह केला तरी नाहीत. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचं वॉशर दाबाखालचं पेट्रोल रोखू शकत नाही.

*विजेची.* न्यूयॉर्कच्या हेन्री सीली यांनी १८८२ मध्ये तिचं पेटंट घेतलं, पण तेव्हा घराघरांत वीजच नव्हती. ती खऱ्या अर्थाने चालू लागली विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात. कॅलिफोर्नियातल्या अर्ल रिचर्डसन यांची टोकापर्यंत तापणारी ‘हॉटपॉइंट’ त्याच काळातली.

४. कोळशाची इस्त्री: जुनी की नुसती काळी?

महाराष्ट्रात सगळ्यात जास्त हाती लागणार ती हीच, आणि फसवणूकही सगळ्यात जास्त हिच्यातच होते. म्हणून इथे जरा थांबू.

बाजारात संवाद साधारण असा होतो:

“साहेब, राणीच्या राज्यातली आहे. वाड्यातून निघाली.”

“असेल दादा. झाकण उघडून बघू का?”

झाकण उघडायला ना म्हणणाऱ्याकडून घेऊ नका. उघडल्यावर टॉर्च मारा. वापरलेल्या इस्त्रीच्या आत काजळी बसलेली असते, कोपऱ्यांत पांढरट राख घट्ट झालेली असते, धातूचा रंग तापून बदललेला असतो. तळाशी कोळसे जरा उचलून धरणारी जाळी किंवा उभ्या पट्ट्या असतात, कारण खालून हवा गेल्याशिवाय कोळसा पेटता राहत नाही. शोभेच्या इस्त्रीत जाळी बहुधा नसतेच, आणि आतला पृष्ठभाग वाळूच्या साच्यातून निघाला तसाच खरखरीत, कोरा असतो. मुरादाबादेत शोभेच्या पितळी वस्तू घाऊक बनतात आणि देशभर जातात. त्या वाईट नसतात, फक्त जुन्या नसतात.

मग तळ. वर्षानुवर्षं कापडावर फिरलेला तळ गुळगुळीत असतो, त्यावर लांबीच्या दिशेने बारीक रेघा असतात आणि टोक व कडा किंचित गोलावलेल्या असतात. स्टीलची पट्टी उभी धरून पाहा: कामाची इस्त्री सपाट भरते. शोभेच्या इस्त्रीचा तळ मधे खोलगट किंवा फुगीर असला तरी कुणाचं काही अडत नाही. काही पितळी इस्त्र्यांना तळ लोखंडाचा जोडलेला असतो, त्यामुळे खाली चुंबक चिकटला म्हणून घाबरू नका. बाजूच्या ‘पितळी’ भिंतींना चिकटला तर मात्र ते पितळेचं पाणी दिलेलं लोखंड आहे.

वजन बरंच काही सांगतं. लाँड्रीतली इस्त्री पाच-सहा किलोंच्या घरात किंवा त्याहून जड असते, घरगुती त्याच्या निम्म्याने. सुरकुती मोडायचं निम्मं काम वजनच करतं. मोठी दिसणारी पण हातात हलकी लागणारी पातळ भिंतींची इस्त्री कपड्यासाठी बनलेली नाही.

मुठीची खालची बाजू बघा. कोळशाच्या धगीने लाकूड खालून करपलेलं असतं, म्हणून बऱ्याच इस्त्र्यांत मूठ आणि झाकण यांच्यामध्ये पत्र्याची आडपट्टी असते. बिजागरी ढिली असेल, तिच्यातली सळई जाऊन तिथे खिळा ठोकलेला असेल, मूठ एकदा बदललेली असेल तर ते अवगुण मानू नका. कुणीतरी वस्तू वापरली, बिघडली म्हणून दुरुस्त केली आणि परत वापरली, याचाच तो पुरावा. मी तर अशा खिळेवालीला चकचकीत इस्त्रीपेक्षा जास्त पैसे देईन.

काळेपणाची परीक्षा ओल्या कापसाने. काजळी काळी उतरते. बुटाचं पॉलिश तपकिरी-काळं, मेणचट उतरतं आणि वासाने स्वतःच सांगतं. ॲसिडने आणलेला काळेपणा जवळपास उतरतच नाही आणि तो सगळीकडे सारखा असतो, जिथे बोट पोचतं तिथेही आणि पोचत नाही तिथेही. हिरवं जंगही तसंच: काळाने आलेलं सांध्यांत, अक्षरांच्या खोबणीत असतं. मुद्दाम आणलेलं अंगभर पसरलेलं, भुकटीसारखं असतं.

शेवटी नाव शोधा. भांड्यांवर नाव घालायची आपली रीत इस्त्रीवरही दिसते, झाकणावर किंवा मागच्या भिंतीवर. खिळ्यासारख्या हत्याराने ठोकलेलं नाव सुट्या ठिपक्यांचं असतं, विजेच्या यंत्राने घातलेलं सलग आणि थरथरत्या रेघेचं. शके दिलेला असेल तर त्यात ७८ मिळवा, इसवी सन मिळतो (पौष ते फाल्गुन या दिवसांत ७९ही होतात). शके १८७० म्हणजे १९४८-४९. मात्र हे साल इस्त्री घरात आल्याचं किंवा कुणी दिल्याचं असतं. ती ओतली गेली ते साल त्याच्या आधीचं, किती आधीचं ते त्या नावावरून कळत नाही.

५. विजेची इस्त्री: पाटी वाचा

विजेच्या इस्त्रीचं वय तिच्या चमकण्यावरून ठरवू नका. जाड क्रोमची ‘हेवी वेट’ इस्त्री आपल्याकडे आजही नवी मिळते. इथे साक्षीदार एकच, मागे किंवा मुठीखाली रिव्हेट केलेली पाटी. आधी टूथब्रशने धूळ काढा, मग भिंग लावा.

पाटीवरून आणि खोक्यावरून काळ असा ठरतो:

- पत्ता ‘बॉम्बे ४’ अशा एक-दोन आकडी विभागाचा असेल तर माल बहुधा १९७२ च्या आधीचा. सहा आकडी पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ पासून आला. पत्त्यात बॉम्बेऐवजी मुंबई असेल तर १९९५ नंतरचा.
- वजन पौंडांत असेल तर भारतीय माल दशमान पद्धत रुळण्याआधीचा. त्या पद्धतीचा कायदा १९५६ चा, बाजारात ती पक्की झाली साठच्या दशकाच्या सुरुवातीला.
- खोक्यावर किंवा पावतीवर किंमत रुपये-आण्यांत असेल तर १ एप्रिल १९५७ च्या आधीची.
- आयएसआय शिक्का असेल तर तो १९५२ च्या प्रमाणचिन्ह कायद्यानंतरचा. विजेच्या इस्त्रीसाठीचं भारतीय मानक ‘आयएस ३६६’, तो आकडा शिक्क्याशी दिसायला हवा. भारतीय मानक संस्थेचं १९८७ मध्ये भारतीय मानक ब्यूरो झालं, शिक्का मात्र आयएसआयच राहिला. म्हणून नुसत्या शिक्क्यावरून १९८७ च्या अलीकडची की पलीकडची ते ठरत नाही.
- ‘मेड इन वेस्ट जर्मनी’ म्हणजे १९४९ ते १९९०.
- बजाज इलेक्ट्रिकल्स हे कंपनीचं नाव १९६० पासूनचं. १९३८ मध्ये ती रेडिओ लॅम्प वर्क्स म्हणून सुरू झाली होती.

पाटी गेलेली असेल तर घडणीकडे वळा. थर्मोस्टॅटचा गोल खटका नाही, वायर मागच्या पितळी पिनांवर खोचून बसणारी, तिला सुती वेणीचं आवरण, मूठ लाकडाची किंवा बॅकेलाइटची (जुन्या कडक प्लॅस्टिकची) असेल तर घडण जुन्या पद्धतीची. चमकीतही फरक आहे: निकेलची झाक किंचित पिवळसर, क्रोमची निळसर. क्रोमचा मुलामा १९२०च्या दशकाच्या अखेरीपासून पसरला, त्याआधी निकेलच असे. खटक्याभोवती एक-दोन-तीन ठिपके असतील तर ती बरीच अलीकडची.

गोष्ट पडताळायची आणखी एक युक्ती. “आजोबांच्या लग्नातली, गावच्या घरातली” अशी विजेची इस्त्री समोर आली की गावात वीज कधी आली ते विचारा. मुंबईत वीजपुरवठ्याची कंपनी १९०५ पासून होती, पण राज्य वीज मंडळ स्थापन झालं १९६० मध्ये आणि कित्येक गावांत तारा पोचल्या त्यानंतर. आजोबांचं लग्न १९४५ चं आणि गावात वीज १९६८ ची, तर इस्त्री कुठल्यातरी दुसऱ्या लग्नातली.

६. कुठे शोधायचं आणि भाव कसा करायचा

पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार, बुधवारी आणि रविवारी. मुंबईत चोर बाजारातली मटन स्ट्रीट. तिथे दुकानदारांना वस्तूची किंमत पक्की माहीत असते, तेव्हा ‘लपलेला खजिना’ मिळेल या भ्रमात राहू नका. तिथे जायचं ते बघायला आणि हाताळायला. खरेदीला बरी जागा म्हणजे तालुक्याच्या गावातली भांड्यांची दुकानं. लोक जुनी भांडी मोड म्हणून देतात आणि फरक भरून नवीन घेतात. त्या मोडीच्या ढिगात पितळी इस्त्री येतेच. दुकानदाराला सांगून ठेवा: “काका, इस्त्री आली तर वितळवायला पाठवू नका, फोन करा. मोडीच्या भावावर थोडं वर देईन.” हे वाक्य कुठल्याही लिलावापेक्षा जास्त इस्त्र्या मिळवून देतं.

भावाचा पायाही तोच. त्या दिवशीचा पितळेच्या मोडीचा भाव गुणिले वजन ही खालची मर्यादा, कारण त्याच्या खाली दुकानदार देणारच नाही. त्यावर किती द्यायचं ते खुणांवर: जाळी शाबूत आहे का, खिट्टी मूळची आहे का, नाव-शके आहे का. विजेच्या इस्त्रीत पाटीला पैसे द्या. पाटी नसलेली चकचकीत आणि पाटी असलेली गंजकी अशा दोन समोर असतील तर गंजकी उचला.

लाँड्री बंद करणाऱ्या परिटांकडे मिळालं तर फारच उत्तम. तिथे इस्त्रीबरोबर माहितीही मिळते: कुठून घेतली, कोळसा कुठला, मूठ कुणी बदलली. पैशाची घासाघीस तिथे करू नका. ज्या वस्तूवर त्यांनी घर चालवलं तिला ‘भंगार’ म्हणूनही नका.

गोव्यात जुन्या घरांतून युरोपीय बनावटीच्या इस्त्र्या निघतात. १९६१ पर्यंत पोर्तुगीज अंमल असल्यामुळे तिथला माल वेगळ्या वाटेने येत होता. तिकडे गेलात तर बाणावलीचं ‘गोवा चित्र’ संग्रहालय बघा, पुण्यात असाल तर राजा दिनकर केळकर संग्रहालय. रोजच्या वापरातल्या साध्या वस्तू कशा जमवाव्यात आणि कशा मांडाव्यात हे दोन्हीकडे शिकायला मिळतं.

एक खबरदारी: पावती घ्या. छापील नसेल तर साध्या कागदावर तारीख, वस्तू, रक्कम आणि सही. पावती द्यायला जो टाळाटाळ करतो त्याचा माल कुठून आला याचा विचार करा.

७. घरी आणल्यावर: चिंच-पितांबरी लांब ठेवा

इस्त्री घरात आली की घरातलं कुणीतरी ती घासायला घेतंच. आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढा, आतलेही. काजळी, राख, हिरव्या कडा, पॉलिशचे थर यांत वस्तूचं वय असतं आणि एकदा घासलं की ते नाल्यात जातं. चिंचेचं पाणी पितळेला लखलखीत करतं, पण झिजत आलेलं ठिपक्यांचं नावही त्यात आणखी झिजतं. पावडरने जोरात घासल्यानेही तेच होतं.

पुरेसं काय? कोरड्या ब्रशने धूळ, मग किंचित ओलसर कापड, लगेच कोरडं पुसणं आणि तासभर उन्हात. लोखंडावर सुटणारा गंज असेल तर मशीन ऑइल लावून अगदी बारीक स्टील वूलने हलक्या हाताने काढा. काळा, घट्ट थर राहू द्या. मग मेणाचा पातळ हात. लाकडी मुठीला जवसाच्या तेलाचे दोन थेंब. मुठीत भुंग्याची बारीक भोकं आणि खाली पीठ दिसलं तर ती इस्त्री बाकीच्यांपासून लांब ठेवा.

पावसाळा हा खरा शत्रू, कोकणात आणि मुंबईत विशेषतः. प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवलेली इस्त्री ऑगस्टपर्यंत हिरवी किंवा तांबडी होते, कारण आतला दमट वारा आतच राहतो. सुती कापडात ठेवा, सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि ऊन पडेल त्या दिवशी बाहेर काढा.

कोळशाची इस्त्री पेटवून बघायची हौस फेडायची असेल तर ती अंगणात किंवा उघड्या गच्चीवर. बंद खोलीत पेटता कोळसा म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. त्याला ना रंग असतो ना वास.

८. विजेची इस्त्री प्लगमध्ये घालण्याआधी

माझा सल्ला: घालूच नका. संग्रहातली इस्त्री चालू असलीच पाहिजे असा काही नियम नाही. तरीही बघायचंच असेल तर हा क्रम सोडू नका.

पाटीवरचा व्होल्टेज वाचा. अमेरिकेतून आलेली ११० व्होल्टची इस्त्री आपल्या २३० वर लावली तर ती दुप्पट नव्हे, चौपटीहून जास्त वीज खेचते, कारण वीज व्होल्टेजच्या वर्गाने वाढते. काही सेकंदांत खेळ संपतो.

मग मल्टिमीटर. दोन पिनांमधला रोध मोजा. २३० व्होल्टच्या ४५० वॅट इस्त्रीत तो साधारण ११८ ओहम हवा, ७५० वॅटमध्ये ७० च्या आसपास, १००० वॅटमध्ये ५३. काहीच आकडा आला नाही तर आतली नायक्रोमची तार तुटली आहे किंवा थर्मोस्टॅटचा संपर्क होत नाही. पिन आणि धातूचं अंग यांच्यात मात्र काहीही वाहता कामा नये. हे तपासायला इलेक्ट्रिशियनकडे मेगर नावाचं यंत्र असतं. ५०० व्होल्टवर एक मेगाओहमपेक्षा कमी आलं तर ती इस्त्री फक्त शोकेसची. सुती आवरणाची जुनी वायर आणि दोन पिनांचा, अर्थिंग नसलेला प्लग कधीही वापरू नका. पहिली चाचणी १०० वॅटचा साधा बल्ब सिरीजमध्ये लावून, आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) असलेल्या लाइनवर, शेजारी जाणकार इलेक्ट्रिशियन उभा करून.

इस्त्री उघडण्याबद्दल एक गंभीर इशारा. तार अभ्रकाच्या पातळ पत्र्यांवर गुंडाळलेली असते, तो अभ्रक चमकदार, पापुद्र्यांचा आणि निर्धोक. पण जुन्या इस्त्र्यांत त्याच्यावर राखाडी-पांढरा, पुठ्ठ्यासारखा भुसभुशीत थर असतो तो बहुधा ॲस्बेस्टॉसचा. त्याचे तंतू श्वासातून फुप्फुसात जातात. तसा थर दिसला की घासू नका, फुंकू नका, झाकण परत बसवा. जुन्या वायरीच्या आवरणातही तो असू शकतो.

९. नोंदवही

जाड पुठ्ठ्याची वही पुरते. प्रत्येक इस्त्रीला एक पान: क्रमांक, कुठून व कधी घेतली, किती पैसे दिले, लांबी-रुंदी-उंची, वजन, धातू, घराणं, पाटीवरचा मजकूर जसाच्या तसा, पेन्सिलने घेतलेला ठसा चिकटवून, दुरुस्त्या आणि फोटोंची नावं. विकणाऱ्याने सांगितलेली हकिकत वेगळ्या रकान्यात लिहा आणि वर ‘सांगीव’ असं लिहून ठेवा. तुम्ही स्वतः पडताळलेलं आणि कुणी सांगितलेलं यांची सरमिसळ झाली की पाच वर्षांनी तुम्हालाच उलगडा होत नाही.

क्रमांक इस्त्रीवर कोरू किंवा रंगवू नका. दोऱ्याने चिठ्ठी बांधा.

१०. परदेशी नेणं आणि परदेशातून आणणं

परदेशातल्या वाचकांना एक फायदा आहे: आपल्याकडे दुर्मिळ असलेल्या वस्तू तिकडे गॅरेज सेलमध्ये पडून असतात. अमेरिकेत मिसेस पॉट्सची बुडं, कोलमनच्या इस्त्र्या आणि मेटॅग कंपनीची रबरी रुळांची धुलाई यंत्रं. इंग्लंडमध्ये केनरिकच्या इस्त्र्या आणि हूवरने १९४८ मध्ये वेल्समधल्या मर्थर टिडफिलच्या कारखान्यातून आणलेलं हाताने पिळायच्या रुळांचं यंत्र. मोठी यंत्रं तिकडेच ठेवलेली बरी. भाडं वस्तूपेक्षा जास्त होतं आणि व्होल्टेजचा घोळ वेगळाच.

उलट दिशेने, म्हणजे आजीची पितळी इस्त्री न्यू जर्सीला न्यायची असेल तर १९७२ चा पुरावशेष कायदा लक्षात घ्या. शंभर वर्षांहून जुनी कलाकुसरीची किंवा ऐतिहासिक महत्त्वाची वस्तू पुरावशेष ठरू शकते आणि ती खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. इस्त्री तेवढी जुनी नाही हे कस्टमच्या अधिकाऱ्याला पटवण्याची जबाबदारी तुमची. शंका असेल तर निघण्याच्या बऱ्याच आधी भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाकडून ‘पुरावशेष नाही’ असं प्रमाणपत्र घ्या. जवळ ठेवायचे कागद: ते प्रमाणपत्र, खरेदीची पावती किंवा घरातली वस्तू असल्याचं साधं पत्र, आणि नोंदवहीच्या पानाची प्रत.

हातातल्या बॅगेत इस्त्री ठेवू नका, सुरक्षा तपासणीत अडकेल. मोठ्या बॅगेत घालताना जाळीतली सुटी राख आणि कोळशाचे तुकडे काढा, झाकण सुतळीने बांधा, टोकाला जाड कापड गुंडाळा, नाहीतर बॅग आतून फाटते. पातळ इंधनाच्या इस्त्रीच्या टाकीला पेट्रोलचा किंवा रॉकेलचा जरासाही वास येत असेल तर ती विमानात चढवत नाहीत. ती दुसऱ्या कुणा संग्राहकाला इथेच देऊन टाका.